मागे नेऊन पाहिलेला जिना

यूट्यूबवरच्या जवळपास कुठल्याही व्हिडिओचा प्रेक्षक-आलेख उघडून बघा, रेघ खालीच उतरताना दिसेल. पहिल्या अर्ध्या मिनिटात सगळ्यांत मोठी घसरण होते. भलत्याच अपेक्षेने आलेले, चुकून बोट लागलेले, घाईत असलेले सगळे तेवढ्यात निघून जातात. मग उतार मंदावतो, आणि व्हिडिओ जमला असेल तर रेघ बराच वेळ जवळजवळ आडवी चालते. ती वर चढली तर समजायचं की लोकांनी तो तुकडा मागे नेऊन पुन्हा पाहिलाय, किंवा बाकीचं ओलांडून ते नेमके तिथे आलेत.

आमच्या गिरगावच्या चॅनेलवर असा पहिला उंचवटा आला तो एका जिन्यावर. ठाकूरद्वार नाक्यावरून फणसवाडीच्या बाजूला जाताना लागणाऱ्या एका जुन्या चाळीत मी कॅमेरा घेऊन चढले होते. मधोमध झिजून खोलगट झालेल्या लाकडी पायऱ्या, धरायला वरून सोडलेला जाड दोर, वळणावर विजेचे मीटर, आणि पहिल्या मजल्यावर भाडेकरूंच्या नावांची पाटी, खोली क्रमांकांसकट. निवेदन खाली अंगणात संपलं होतं आणि पुढचं गच्चीवर सुरू होणार होतं. मधला जिना फक्त वर पोचण्यापुरता ठेवलेला. त्यात एक शब्दही नव्हता.

भाचीने लॅपटॉप माझ्यासमोर सरकवला. "मावशी, इथे लोक परत जाताहेत."

"परत म्हणजे कुठे?"

"जिन्यावर. तू काहीच बोलत नाहीस तिथे."

चॅनेल आम्ही दोघींनी सुरू केलं. माझी उमेदीची वर्षं एका मराठी वृत्तवाहिनीच्या एडिट रूममध्ये गेली. तिथे दर गुरुवारी टीव्हीचा प्रेक्षक मोजणाऱ्या बार्कचे आकडे यायचे आणि त्यांच्यावर पुढच्या आठवड्याचा मूड ठरायचा. देशभरातल्या हजारो घरांत बसवलेल्या मीटरांवरून सगळ्या देशाच्या आवडीचा अंदाज बांधला जातो. ती पद्धत शास्त्रीय आहे, जगभर तशीच चालते, पण त्या आकड्यांतून माणूस माझ्यापर्यंत कधी आला नाही. अमुक बातमीला टीआरपी आला, अमुकला नाही, एवढंच कळायचं. ऑक्टोबर २०२० मध्ये वृत्तवाहिन्यांचे साप्ताहिक आकडे थांबवण्यात आले, ते मार्च २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाले. त्या मधल्या काळात गुरुवार नसलेलं एडिटिंग मी पहिल्यांदा केलं. कुठला शॉट कुठे तोडायचा हे पुन्हा डोळ्यांनी आणि कानांनी ठरवायला लागले. नोकरी सोडली तीही त्याच सुमारास. भाची तेव्हा मास मीडिया शिकत होती, तिच्या हातात बरा फोन होता, आणि मला गिरगावच्या वाड्या पाठ होत्या. झावबावाडी, आंग्रेवाडी, केळेवाडी, गायवाडी, उरणकरवाडी, करेलवाडी, मुगभाट, बोरभाट, खोताची वाडी. एकेक वाडी, एकेक व्हिडिओ, असं साधं ठरलं.

सुरुवातीच्या काळात आम्हाला सगळ्यांत जास्त प्रेक्षक मिळाले ते गुढीपाडव्याच्या शोभायात्रेने. नऊवारीतल्या, फेटे बांधलेल्या बाइकस्वार बायका, ढोल-ताशा, फडके गणपतीपासून निघालेली गर्दी. व्हिडिओ त्याच संध्याकाळी टाकला आणि आकडा भराभर चढला. यूट्यूब स्टुडिओत प्रेक्षक कुठून आले याची फोड मिळते. कोणी शोधून आलं, कोणाच्या होमवर व्हिडिओ आपणहून दिसला, कोणाला दुसऱ्या व्हिडिओच्या शेजारी सुचवला गेला, कोणी व्हॉट्सअॅपवरच्या लिंकवरून आलं, हे सगळं वेगवेगळं दिसतं. पाडव्याचे जवळजवळ सगळे शोधून आलेले. त्या दोन दिवसांत अख्खा महाराष्ट्र शोभायात्रा शोधत असतो. तिसऱ्या दिवशी शोध थांबला आणि आकडाही. स्टुडिओतच तेव्हा 'नवे' आणि 'पुन्हा येणारे' अशा दोन रेघा असायच्या. नव्यांची रेघ डोंगरासारखी उठली आणि बसली, पुन्हा येणाऱ्यांची तसूभरही हलली नाही. एवढी माणसं दारावरून गेली, आत एकही बसलं नाही.

जिन्याच्या व्हिडिओचं उलट झालं. पहिल्या आठवड्यात तो जेमतेम चालला. मग हळूहळू होमवर दिसू लागला, सुचवला जाऊ लागला, आणि महिनोन्महिने थोडाथोडा चालत राहिला. तो पाहून गेलेली माणसं इतर वाड्यांचे व्हिडिओही पाहत होती. यामागचं कारण यूट्यूबच्या कामाच्या पद्धतीत आहे. २०१२ साली यूट्यूबने शिफारशींसाठी केवळ व्ह्यू मोजणं मागे ठेवून पाहण्याचा वेळ पुढे आणला. त्याआधी नुसतं भडक चित्र लावून लोकांना आत ओढलं की भागायचं. त्यानंतर आत आलेला माणूस किती थांबला आणि मग पुढे काय पाहिलं, याला वजन आलं. म्हणून छोट्या चॅनेलवाल्याने रोज एकूण व्ह्यूंचा आकडा बघण्यापेक्षा आठवड्यातून एकदा प्रत्येक व्हिडिओचा आलेख सेकंदासेकंदाने वाचावा, असं माझं ठाम मत आहे. त्यात शिकण्यासारखं जास्त असतं.

पण आलेख कुठे हे सांगतो, का ते सांगत नाही. लोक जिन्यावर परत का जातात, हे कळायला माणसंच भेटावी लागली.

पहिला उलगडा डोंबिवलीच्या एका बाईंनी केला. व्हिडिओखाली दिलेल्या पत्त्यावर त्यांचा मेल आला, मग फोनवर बोलणं झालं. लग्न होईपर्यंत त्या त्याच चाळीत, दुसऱ्या मजल्यावर राहायच्या. म्हणाल्या, "ताई, पहिल्या मजल्यावरची पाटी तुम्ही पटकन ओलांडलीत हो. माझ्या वडिलांचं नाव अजून आहे का तिथे, ते बघायचं होतं. सारखं मागे नेत होते, पण वाचताच येईना." नंतर असेच निरोप येत गेले. बोरिवली, विरार, बदलापूर, पुणे. एकाला जिन्याखालची जागा पाहायची होती, कारण त्यांचा कॅरम तिथे ठेवलेला असायचा. एकाने वळणावरचा तो दोर पाहून लिहिलं की त्याच्या आजोबांनी शेवटची कित्येक वर्षं त्याच दोराला धरून देवळात जाणं-येणं केलं.

आमचा प्रेक्षक गिरगाव सोडून गेलेला गिरगावकर आहे, हे तेव्हा लख्ख कळलं. आम्ही व्हिडिओ करत होतो ते गिरगाव न पाहिलेल्यांसाठी, इतिहास समजावून सांगत. पाहणाऱ्याला इतिहास आमच्याहून जास्त ठाऊक होता. त्याला तिथे जाऊन उभं राहायचं होतं.

एकदा हे कळल्यावर बाकीचे आकडेही वेगळे वाचता यायला लागले. स्टुडिओत एक जांभळा तक्ता असतो, तुमचे प्रेक्षक आठवड्याच्या कुठल्या वारी, कुठल्या तासाला यूट्यूबवर असतात हे दाखवणारा. जितका गडद तितकी गर्दी. आमचा तक्ता रात्री जेवणानंतर आणि रविवारी दुपारी गडद व्हायचा. ते समजण्यासारखं होतं. पण पहाटेच्या वेळी, मुंबई अजून झोपेत असताना, तिथे एक फिकट पट्टा दिसायचा आणि भाचीला तो चुकीचा वाटायचा. देशांची यादी उघडली तेव्हा अमेरिका वर होती. आपल्याकडे पहाटे असताना तिथे संध्याकाळ असते, तेव्हा तिथला गिरगावकर कामावरून घरी येऊन आमचा व्हिडिओ लावत होता. उपकरणांच्या यादीत टीव्हीचा वाटाही वाढत गेला. टीव्हीवर माणूस एकटा पाहत नाही. आजी-आजोबा, मुलगा, सून सगळे बसलेले असतात आणि रिमोट कोणा एकाच्या हातात असतो. तोच रिमोट मागे नेत असणार.

त्यातून कामाची पद्धत बदलत गेली. पाट्या चालता चालता टिपायच्या नाहीत, समोर उभं राहायचं, सगळी नावं वाचून होतील इतका वेळ शॉट स्थिर धरायचा. चित्रीकरण फोरकेमध्ये, कारण मोठ्या पडद्यावर खोली क्रमांक वाचता आला पाहिजे. जिन्यात, गॅलरीत, अंगणात निवेदन नाही, नुसता तिथला आवाज ठेवायचा. प्रेशर कुकरच्या शिट्या, कोणाच्या तरी घरचा रेडिओ, खाली क्रिकेट खेळणाऱ्या मुलांचा आरडाओरडा. वाहिनीत असताना तीन सेकंदांहून लांब स्थिर शॉट मी कापून टाकला असता. इथे आम्ही वीस सेकंद पाटी धरून ठेवू लागलो, आणि आलेखाची रेघ तिथे घसरण्याऐवजी वर गेली.

थंबनेलचाही अनुभव सांगते, कारण त्यावर लोक फार डोकं घालतात. यूट्यूब स्वतःच सांगतं की निम्म्या चॅनेलांचं आणि व्हिडिओंचं क्लिकचं प्रमाण दोन ते दहा टक्क्यांच्या मधे असतं. म्हणजे चित्र शंभर जणांना दिसलं तर दोन ते दहा जण बोट ठेवतात. हे कळल्यावर पहिलं भय गेलं, कारण आपले चार टक्के बघून आपलं काहीतरी चुकतंय असं वाटायला लागतं. २०२४ मध्ये यूट्यूबने एकाच व्हिडिओला तीन थंबनेल लावून तुलना करण्याची सोय दिली. त्यात विजेता ठरतो तो पाहण्याच्या वेळेवर, नुसत्या क्लिकवर नाही. भाचीने हसऱ्या चेहऱ्याचं एक थंबनेल लावलं, खाण्याच्या ताटाचं एक आणि गॅलरीत वाळत घातलेल्या कपड्यांमागून दिसणाऱ्या दारांच्या रांगेचं एक. दारांची रांग जिंकली. ताटाकडे माणसं जास्त ओढली जातील असं आम्हा दोघींनाही वाटत होतं, आणि कदाचित ओढली गेलीही असतील, पण गॅलरी पाहून आलेला माणूस शेवटपर्यंत बसत होता. त्या दिवसापासून आमच्या थंबनेलवर चेहरे नाहीत. इमारतीचं नाव मात्र ठळक अक्षरांत असतं.

या कामात मला सगळ्यांत जवळचा वाटतो तो फाळक्यांचा व्हिडिओ. गिरगावातल्या अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये दादासाहेब फाळक्यांनी ख्रिस्ताच्या आयुष्यावरचा चित्रपट पाहिला आणि आपले देव पडद्यावर आणायचं त्यांच्या मनाने घेतलं. ३ मे १९१३ रोजी सँडहर्स्ट रोडवरच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लोकांसमोर आला. तो रस्ता म्हणजे आजचा सरदार वल्लभभाई पटेल मार्ग. पुढे १४ मार्च १९३१ रोजी पहिला भारतीय बोलपट 'आलम आरा' लागला तोही इथेच, मॅजेस्टिकमध्ये. 'राजा हरिश्चंद्र' आणि 'आलम आरा' दोन्ही जिथे लोकांसमोर आले त्या वस्तीत आपण उभे राहून व्हिडिओ करतो, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

फाळक्यांच्या व्हिडिओच्या पहिल्या आवृत्तीत मी तारखेने सुरुवात केली होती. पहिल्या अर्ध्या मिनिटातली घसरण नेहमीपेक्षा मोठी आली. पुढे मॅजेस्टिकचा व्हिडिओ केला तेव्हा मजकूर तेवढाच दाट होता, पण सुरुवात केली ती आज तिथे असलेल्या शॉपिंग सेंटरच्या दारातून, हॉर्नच्या आवाजात, 'इथेच पडद्यावरची माणसं पहिल्यांदा बोलली' असं सांगून. घसरण बरीच कमी झाली. प्रेक्षकाला सन ऐकायला कंटाळा नसतो. आधी पाय कुठे टेकलेत ते त्याला कळायला हवं असतं, मग तो कितीही मागच्या सनापर्यंत बरोबर येतो.

फाळक्यांची सुरतची हकीकत या संदर्भात मला नेहमी आठवते. तिथे पहिल्या दिवशी गल्ला फारच कमी जमला, कारण लोक थोड्या आण्यांत तासन् तास चालणारं नाटक पाहायला सरावलेले आणि हा खेळ छोटा. तेव्हा फाळक्यांनी खेळ लांबवला नाही, जाहिरात बदलली, असं सांगतात. सत्तावन्न हजार छायाचित्रांचा खेळ, दोन मैल लांबीचं चित्र, दर फक्त तीन आणे, अशी ती जाहिरात होती, आणि लोक आले. पैशाच्या मोबदल्यात भरपूर काहीतरी मिळावं ही त्या प्रेक्षकाची अपेक्षा होती. फाळक्यांनी ती मान्य केली आणि आपल्या फिल्ममध्ये भरपूर काय आहे ते शोधून सांगितलं. चित्रपटाला हात लावला नाही. आकडा बघून काय बदलायचं आणि काय नाही, याचं इतकं स्वच्छ उदाहरण मला दुसरं सापडलेलं नाही.

आमच्यावरही अशी वेळ येते. २९ जून २०२० रोजी टिकटॉकवर बंदी आली आणि काही महिन्यांतच, सप्टेंबरमध्ये, यूट्यूबने शॉर्ट्सची चाचणी सुरू केली ती भारतातच. आम्हीही उभे छोटे व्हिडिओ केले. उकडीच्या मोदकांना कळ्या पाडणाऱ्या हातांचा एक खूप चालला, त्यातून सबस्क्रायबरही आले. पण ते मोदकांसाठी आले होते. वाड्यांचा व्हिडिओ त्यांना दाखवला गेला तेव्हा त्यांनी तो सरकवला, आणि लांब व्हिडिओचे सुरुवातीचे आकडे उलट बिघडले. ३१ मार्च २०२५ पासून शॉर्ट नुसता सुरू झाला तरी व्ह्यू धरला जातो, त्यामुळे आता तर त्या आकड्याचा अर्थ आणखी पातळ झालाय. आम्ही शॉर्ट करतो, पण ज्या वाडीचा लांब व्हिडिओ येणार आहे तिचाच, आणि तोही गॅलरीतूनच.

याहून अवघड प्रश्न आला तो एका उघड्या दाराचा. मुगभाटाकडच्या एका चाळीच्या व्हिडिओत गॅलरीतून जाताना कॅमेऱ्याने एका खोलीत डोकावलं होतं. घरच्यांची परवानगी होती, त्यांनीच "या ना आत" म्हटलं होतं. एका खोलीचं घर, पोटमाळा, भिंतीला टेकवलेल्या गाद्या, देव्हारा, त्याखाली गॅस, आणि खिडकीशी बसून तांदूळ निवडणाऱ्या आजी. त्या सात-आठ सेकंदांचा उंचवटा आमच्या सगळ्या व्हिडिओंतला सर्वांत मोठा होता. लोक पुन्हा पुन्हा त्या खोलीत डोकावत होते. काही आठवणींनी, काही कुतूहलाने, आणि काही जण खाली लिहीत होते की एवढ्याशा जागेत माणसं राहतात कशी.

त्या घरच्या सूनबाई बोलल्या, पण थेट तक्रार केली नाही. म्हणाल्या, "आता आमच्या घराकडे सगळे वेगळ्याच नजरेने बघतात." मी त्याच रात्री स्टुडिओच्या एडिटरमध्ये जाऊन ते सेकंद कापले. प्रकाशित व्हिडिओतून तुकडा काढता येतो, लिंक आणि व्ह्यू तसेच राहतात. भाची म्हणाली, "मावशी, सगळ्यांत चांगला भाग हाच होता." आलेखाच्या हिशोबाने तो होताच. पण त्या उंचवट्यात काही माणसं घर बघायला आली होती आणि काही माणसं गरिबी बघायला, आणि कोण कशासाठी आलं हे आलेखात वेगळं दिसत नाही. आता आम्ही गॅलरीतून जाताना कॅमेरा बाहेरच्या कठड्याकडे ठेवतो. कोणी आत बोलावलं तर आत जाऊन चहा घेतो, कॅमेरा पिशवीत.

तसाच मोह 'शेवटचं' या शब्दाचा. मेट्रो तीनच्या कामासाठी काही इमारती गेल्या. ऑक्टोबर २०२५ मध्ये गिरगाव स्थानक सुरू झालं, आणि आरेपासून कफ परेडपर्यंतची भुयारी गाडी आता आमच्या वाड्यांच्या पोटातून जाते. त्याशिवाय विकास नियमावलीतल्या ३३(७) या कलमाखालचा जुन्या चाळींचा पुनर्विकास चालू आहेच. गिरगावातल्या पुष्कळ इमारती १९४०च्या आधीच्या, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या इमारतींच्या 'अ' वर्गातल्या. कुठे विकासक ठरलाय, कुठे भाडेकरूंच्या दोन गटांत वाद आहे, कुठे संक्रमण शिबिरात गेलेली माणसं अजून परत आलेली नाहीत. एका व्हिडिओच्या नावात 'शेवटचा गणपती' असे शब्द आले आणि तो आमच्या इतर व्हिडिओंपेक्षा खूप धावला. लोकांच्या मनात दुःख आहे, ते खरं आहे, आणि त्यावर बोट ठेवलं की ते येतात. तरीही त्या चाळीच्या कमिटीने सांगितलं की अजून काहीच ठरलेलं नाही, तेव्हा आम्ही नाव बदललं. नाव बदलल्यावर वेग ओसरला, तो ओसरू दिला. जिथे पाडकामाची तारीख खरंच ठरलेली आहे, तिथे मात्र आम्ही तारखेसकट स्पष्ट सांगतो.

पैशांचं थोडक्यात सांगून टाकते. जाहिरातींच्या उत्पन्नासाठी हजार सबस्क्रायबर आणि वर्षभरात चार हजार तास पाहणं ही अट २०१८ पासून आहे. सबस्क्रायबर आमचे आधी झाले, तास नंतर, आणि तास भरले ते जिन्यांनी आणि गॅलऱ्यांनी. शोभायात्रेने नव्हे. मराठी प्रेक्षकावर जाहिरातीचा दर कमी मिळतो, त्यामुळे एडिटिंगची बाहेरची कामं मी आजही घेते. परदेशातून पाहणाऱ्यांमुळे थोडा हात सैल होतो.

काही व्हिडिओ आकड्यांच्या दृष्टीने लहानच राहिले आणि राहतील. केळेवाडीतल्या मुंबई मराठी साहित्य संघावर आम्ही एक केला. संघ १९३५चा, डॉ. अ. ना. भालेरावांनी उभा केलेला, आणि त्यांच्याच नावाचं नाट्यगृह १९६४ मधलं. आम्ही पडद्यामागची बाजू दाखवली. नेपथ्याच्या फ्लॅटांची ने-आण, विंगेतली अंधारी वाट, प्रकाशयोजनेचं काम. पाहणारे थोडे, पण त्यांचा आलेख जवळजवळ आडवा, शेवटच्या श्रेयनामावलीपर्यंत. सरासरी टक्केवारीत तो आमचा सर्वांत जास्त पाहिला गेलेला व्हिडिओ आहे. अशा विषयावर पुन्हा काम करावं का, असा प्रश्न एकूण व्ह्यू पाहणाऱ्याला पडेल. मला पडत नाही. आलेली माणसं उठून गेली नाहीत, याहून जास्त काही नाटकवाल्यांनाही लागत नाही.

आता आम्ही प्रत्येक चाळीच्या व्हिडिओत मजल्यांप्रमाणे प्रकरणं पाडतो. पहिलं प्रकरण शून्य सेकंदावर अंगण, मग तळमजला, पहिला, दुसरा, तिसरा, गच्ची, असे वेळांचे आकडे खाली लिहिले की यूट्यूब पट्टीचे तुकडे करतं आणि प्रेक्षकाला हव्या तुकड्यावर थेट जाता येतं. याचा परिणाम सरासरी पाहण्याच्या वेळेवर झाला, ती खाली आली. कारण उघड आहे. दुसऱ्या मजल्यावरचा माणूस दुसऱ्या मजल्यावर येतो, दोन-तीनदा मागे नेतो, आणि जातो. त्याला गच्ची बघायची नसते. आलेख आता उतरती रेघ राहिलेली नाही, प्रत्येक मजल्यावर एक टेंगूळ आहे. चॅनेल वाढवायचे धडे देणाऱ्यांना विचारलं तर ते प्रकरणं काढून टाका म्हणतील. भाचीनेही एकदा तसं सुचवलं. आम्ही दोघींनी बसून पुन्हा येणाऱ्यांची रेघ काढली. ती वाढत होती. आपला मजला पाहून गेलेला माणूस शेजारच्या वाडीसाठी परत येत होता, आणि बहुतेक वेळा भावाला, बहिणीला लिंक पाठवून येत होता. व्हॉट्सअॅपवरून येणाऱ्यांचा वाटाही त्यानंतरच फुगला. प्रकरणं ठेवली.

पुढचं काम खेतवाडीचं आहे. तिथल्या गल्ल्या क्रमांकांनीच ओळखल्या जातात, म्हणून प्रकरणं गल्लीवार करायची, असं ठरतंय. या वेळी आम्ही शूटिंगच्या आधीच चॅनेलवर विचारलं की कोणाला कुठे थांबायला हवंय. यादी रोज लांबते आहे. एकाला सार्वजनिक नळाची जागा, नळ नसला तरी. एकीला मागच्या जिन्याच्या खिडकीतून समोरच्या इमारतीची गॅलरी, कारण मैत्रीण तिथे उभी राहून हाक मारायची. मस्कतच्या एका गृहस्थांना फक्त गल्लीच्या तोंडाशी, रस्त्याकडे पाठ करून, सकाळी साडेसातला, शाळेच्या वेळी. भाचीने त्यावर खूण केली आहे, आणि तेवढ्या एका शॉटसाठी आम्ही लवकर निघणार आहोत.